मोडणार नाही असा नेम: प्रपंचात राहून भक्ती रुजवताना

भक्तीचा संकल्प आपण बहुधा चांगल्या दिवशी करतो. कीर्तन ऐकून मन भरून आलेलं असतं, नाहीतर तीर्थयात्रेहून नुकतेच परतलेलो असतो. त्या भरात ठरतं की उद्यापासून पहाटे चारला उठायचं, अकरा माळा जप करायचा, पोथीचा एक अध्याय वाचायचा आणि संध्याकाळची आरती चुकवायची नाही. पहिला आठवडा छान जातो. मग मुलाला ताप येतो, कामावर महिनाअखेर येते, पाहुणे मुक्कामाला येतात आणि नेम मोडतो. मोडल्याची बोच इतकी लागते की पुन्हा सुरुवात करायचाही संकोच वाटतो. मी स्वतः दोनदा या वाटेने गेले. तिसऱ्यांदा नेम धरला तो आजारपणात, अंथरुणावर पडल्या पडल्या, फक्त एका माळेचा. तो आजवर टिकला. तो का टिकला याचा विचार करताना एवढं उमगलं की नेम आपल्या वाईटातल्या वाईट दिवसाच्या मापाने बेतायचा असतो. चांगल्या दिवशी जास्त करायला कुणी अडवत नाही.

“आधी संसारातून मोकळं होऊ, मग देवाचं बघू” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडच्या संतांची नावं नुसती आठवून पाहावी. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, अरणचे सावता माळी, दळण-कांडण करणाऱ्या जनाबाई, पैठणला गिरिजाबाईंसह संसार केलेले एकनाथ. प्रत्येकाच्या हाताला काम होतं. ते काम सुटल्यावर भक्ती सुरू झाली, असं एकाच्याही चरित्रात नाही. म्हणून खाली जे सांगते आहे ते नोकरी, धंदा, घर, मुलं, म्हातारी माणसं हे सगळं चालू आहे असं धरूनच.

पहिली पायरी: तीन दिवस नुसतं पाहा

लगेच माळ हातात घेऊ नका. तीन दिवस एक छोटी वही जवळ ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा फक्त टिपा की आत्ता काही काम नसताना मन कुठे होतं. बसची वाट पाहताना, दूध तापत असताना, जिने चढताना, झोप लागायच्या आधी. बहुतेकांच्या वहीत त्याच तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: कुणीतरी बोललेला एक शब्द, पैशाची जुळवाजुळव, मुलाचं शिक्षण. आणि हात आपोआप मोबाइलकडे गेलेला असतो.

या टिपणाचा उपयोग असा की तुमच्या दिवसातल्या रिकाम्या फटी कळतात. “वेळच मिळत नाही” हे अर्धंच खरं असतं. सलग तास मिळत नाही, हे खरं. पण दोन-दोन, पाच-पाच मिनिटांच्या फटी दिवसभर पडलेल्या असतात आणि काळजी त्यात न बोलावता शिरते. नामाला तीच जागा द्यायची आहे.

दुसरी पायरी: एकच नाम

इथे माणसं फार घोटाळतात. कुलदैवत एक, आवडतं दैवत दुसरं, कुणी सांगितलेला मंत्र तिसरा, आणि नुकतंच ऐकलेलं स्तोत्र चौथं. सगळं थोडं थोडं करत राहिलं की विहिरीसाठी चार ठिकाणी चार-चार हात खणल्यासारखं होतं. गुरूंनी नाम दिलं असेल तर प्रश्नच नाही, तेच घ्यावं. नसेल तर संकटात आपल्या तोंडून आपोआप कोणतं नाव येतं ते पाहावं. ठेच लागल्यावर जे नाव निघतं ते बहुतेक वेळा आपलं असतं.

“रामकृष्णहरी” वारकऱ्यांचं, “श्रीराम जय राम जय जय राम” हा तेरा अक्षरांचा मंत्र समर्थ संप्रदायातला, “ॐ नमो भगवते वासुदेवाय” बारा अक्षरांचा, “नमः शिवाय” पाच अक्षरांचा. यांतलं कोणतंही चालेल, किंवा नुसतं “राम” किंवा “आई” सुद्धा. बीजाक्षरं (“ऱ्हीं”, “क्लीं” अशी) असलेले मंत्र मात्र पुस्तकात वाचून सुरू करू नयेत. ते जाणत्याकडून घ्यायचे असतात. नामाला अशी अट नाही. एकदा नाम ठरलं की वर्षभर बदलायचं नाही, दुसरं कितीही गोड वाटलं तरी.

सोयर, सुतक, मासिक पाळी, प्रवास, आंघोळ झालेली नसणं, यावरून मनात शंका येतात, विशेषतः बायकांच्या. मूर्तीच्या पूजेबद्दल आपापल्या घरची रीत असेल ती असो. नामाबद्दल मात्र ज्ञानदेवांच्या हरिपाठाने निःसंदिग्ध सांगून ठेवलं आहे: “काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं”. त्या चार दिवसांत माळ खुंटीला टांगून ठेवायची असेल तर ठेवा, जिभेवरचं नाम थांबवू नका.

तिसरी पायरी: एक माळ, रोज

माळेत 108 मणी आणि जोडावरचा एक वेगळा मणी, मेरुमणी, असतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी माळेला लावायची नाही. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून तिथूनच परत मागे यायचं. माळ कमरेखाली लोंबू द्यायची नाही, जमिनीला लागू द्यायची नाही. हे नियम बारीकसारीक वाटतील, पण त्यांच्यामुळे हाताला एक शिस्त लागते आणि हात स्थिर झाला की मनालाही थोडं धरायला मिळतं.

“रामकृष्णहरी” सावकाश म्हटलं तर एका उच्चाराला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे एका माळेला पाच-साडेपाच मिनिटं. तेवढी मिनिटं तापात, प्रवासात, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावरही सापडतात. माळ जवळ नसेल तर एका हाताच्या चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने मोजा. अशी नऊ आवर्तनं झाली की 108 होतात. परंपरेत करमाळेची पद्धत थोडी निराळी शिकवतात, पण गर्दीत उभं असताना एवढी साधी मोजणी पुरते.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या कामाचा आधार घ्या. “सकाळी सहाला” असं ठरवलं की सहा वाजून गेल्यावर नेम चुकल्यासारखा वाटतो. “आंघोळ झाली की, कुणाशी बोलायच्या आधी” असं ठरवलं तर उशिरा उठल्याच्या दिवशीही तो जागेवरच असतो. बसायची जागा मात्र एकच असू द्या. आसन म्हणून जुनी शाल चालेल, पण तीच रोज. काही महिन्यांनी असं होतं की नुसती ती शाल पसरली तरी श्वास आपसूक खाली बसू लागतो.

मोबाइल त्या खोलीत नको. उलटा ठेवलेला नाही, बंद केलेला नाही, खोलीतच नको. जप मोजायची यंत्रं आणि ॲप मिळतात, त्यांना माझा विरोध नाही. पण ज्या वस्तूने दिवसभर मन खेचलं, तिच्याच हातात ही पाच मिनिटंही द्यावीत असं मला वाटत नाही.

जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाचिक म्हणजे मोठ्याने, उपांशू म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही इतका, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. शास्त्रात मानस जप श्रेष्ठ म्हटला आहे, म्हणून नवखी माणसं थेट तिथून सुरुवात करतात आणि चौथ्या मिनिटाला बाजारात पोचलेली असतात. पहिले काही महिने मोठ्याने म्हणा, निदान आपल्या कानाला ऐकू येईल इतकं. जीभ बोलते आणि कान ऐकतो, या दोघांच्या मध्ये मनाला पळायला वाट थोडी अरुंद होते.

मन पळालं तर

पळणारच. अर्जुनाने हीच तक्रार केली होती की मन आवरणं वारा मुठीत धरण्यासारखं आहे. भगवंतांनी ती नाकारली नाही. मन चंचल आहे यात शंका नाही, पण अभ्यासाने, म्हणजे पुन्हा पुन्हा करत राहून, आणि वैराग्याने ते धरता येतं, एवढंच ते गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हणाले. त्याच अध्यायात थोडं आधी कृतीही दिली आहे: ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणायचं.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. मन पळाल्याचं ज्या मण्यावर लक्षात आलं त्याच मण्यावरून पुढे चला. पहिल्यापासून माळ पुन्हा सुरू करू नका, स्वतःला बोल लावू नका, “आज जपच लागला नाही” असा हिशोब मांडू नका. एका माळेत मन वीस वेळा पळालं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस वेळा देवाकडे वळणं झालं. लहान मूल अंगणाबाहेर गेलं की आई त्याला पुन्हा पुन्हा उचलून आणते, तसंच हे.

एखादा विचार फारच सतावत असेल, उदाहरणार्थ उद्याचं बिल भरायचं आहे, तर माळ बाजूला ठेवून ते वहीत लिहून टाका आणि परत बसा. विचाराशी कुस्ती खेळण्यापेक्षा हे सोपं पडतं.

देवघर

याबद्दल थोडंच सांगते. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य ही पंचोपचार पूजा दहा मिनिटांत होते. तेवढंही जमत नसेल तर दिवा लावून नमस्कार करा. पान, फूल, फळ, पाणी, यांतलं जे भक्तीने दिलं ते मी घेतो, असं गीतेच्या नवव्या अध्यायात स्वतः देवाने म्हटलं आहे. त्या यादीत सर्वांत शेवटी पाणी आहे आणि पाण्याशिवाय घर नसतं. मूर्ती आणि तसबिरी कमी ठेवा. ज्यांच्याकडे रोज नीट पाहायला जमेल, तेवढ्याच.

चौथी पायरी: कामाला नाम जोडणं

खरी वाट इथे सुरू होते. माळेची पाच मिनिटं ही विरजणासारखी आहेत, पण दूध म्हणजे उरलेला अख्खा दिवस.

माझ्या सासूबाई शिवणकाम करायच्या. आसनावर बसून जप करताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. पण मशीनच्या सुईत दोरा ओवायचा असला की त्या दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायच्या, डोळे बारीक करायच्या, आणि दोरा सुईतून पलीकडे निघेपर्यंत “पांडुरंगा, पांडुरंगा” चालायचं. निघाला की पाय पायटीवर. दिवसात दोरा पंधरा-वीस वेळा तुटायचा, संपायचा, रंग बदलायचा. पंधरा-वीस वेळा पांडुरंग. दोरा तुटल्यावर त्या वैतागल्याचं मला आठवत नाही. तुटणं हीच त्यांची आठवणीची वेळ होऊन गेली होती.

तुमच्या कामात असा दोरा कोणता, ते शोधा. दिवसात दहा-बारा वेळा होणारी आणि ज्यात क्षणभर थांबावंच लागतं अशी कृती हवी: कुलपात किल्ली घालणं, फोन उचलण्याआधीची एक रिंग, संगणक सुरू होण्याची वाट पाहणं, नळाखाली हात धुणं, लाल दिव्याला गाडी थांबणं. अशी एकच कृती निवडा आणि तिला नाम बांधून टाका. पहिला आठवडा विसराल. दुसऱ्या आठवड्यात कृती झाल्यावर आठवेल. तेव्हाही चालतं, त्या क्षणी घ्या. महिन्याभरात हात किल्लीला लागला की जीभ हलते. मग दुसरी कृती जोडा. एकदम पाच जोडू नका, पाचही निसटतात.

आणि ज्या कामात पूर्ण लक्ष द्यावं लागतं तिथे? हिशोब, शस्त्रक्रिया, गाडी चालवणं, वर्गात शिकवणं, इथे जप करत बसायचं नाही. इथे एकनाथांची गोष्ट आठवते. देवगिरीला आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्याकडे ते हिशोबाचं काम पाहत. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर दिव्याशी बसून त्यांनी वह्या तपासल्या आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागेच उभे होते. एका पैच्या चुकीसाठी एवढी तन्मयता, तीच भगवंताकडे लागली तर काय होईल, असं ते म्हणाल्याचं सांगतात. या गोष्टीत बहुतेकांना पैचं क्षुद्रपण दिसतं. मला नेहमी दुसरी बाजू दिसते. ती तन्मयता हिशोबानेच तर तयार केली होती! काम मन लावून करणाऱ्याचं मन देवाकडे वळलं की तिथेही तसंच लागतं. अर्धवट लक्षाने काम करून उरलेलं अर्धवट लक्ष देवाला दिलं, तर दोन्हीकडे तुटवडाच पडतो.

म्हणून एकाग्रतेच्या कामाला सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा नाम, मध्ये फक्त काम. सुरुवातीला “हे तुझं” आणि शेवटी “हे तुला”. काम फसलं तरी “हे तुला” म्हणायचंच. फसलेलं काम अर्पण करणं फार अवघड जातं, आणि माझ्या अनुभवात मन सर्वांत जास्त तिथेच मऊ होतं.

पैसा

भक्तीच्या वाटेवर पैशाबद्दल गप्प राहण्याची एक सवय आहे, ती मला पटत नाही. चार पुरुषार्थांत अर्थ आहेच. तुकोबा दुकानदारी केलेले, दुष्काळात होरपळलेले, आणि त्यांचं सांगणं असं: “जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.” दोन सूचना आहेत. मिळवताना व्यवहार उत्तम हवा, खर्चताना त्यात जीव अडकलेला नको.

पहिलीसाठी रोज रात्री एकच प्रश्न स्वतःला विचारा: आज आलेल्या पैशात कुणाला फसवलेलं आहे का? दुसरीसाठी मिळकतीतला एक ठरावीक हिस्सा, कितीही लहान, महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढा आणि गरजवंताला द्या, शक्यतो नाव न सांगता. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही.

आणि देवाकडे पैसे, नोकरी, बरं वाटणं मागितलं म्हणून मन खाऊ नका. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू, अर्थार्थी म्हणजे काही मिळावं म्हणून भजणारा, आणि ज्ञानी. ज्ञानी अधिक जवळचा म्हटला आहे हे खरं, पण लगेच “हे सगळेच थोर” असंही म्हटलं आहे. मागण्यासाठी का होईना, तोंड त्याच्याकडे वळलेलं आहे. मागा, आणि मागून झाल्यावर दोन मिनिटं काही न मागता तिथेच बसून राहा.

घरची माणसं

एका माणसाची पूजा चालू असताना अख्खं घर चवड्यावर चालतं, अशी घरं मी पाहिली आहेत. मुलांना “शू”, बायकोला “सोवळ्याचं पाणी कुठे”, आणि पूजा आटोपली की चहा वेळेवर नाही म्हणून आवाज. त्या घरातली मुलं मोठी झाल्यावर देवाचं नाव काढत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आपल्या नेमाचा भार दुसऱ्यावर पडू देऊ नये. आपली फुलं आपण आणावी, भांडी आपण घासावी, उपवास आपला असेल तर वेगळ्या रांधणीचा त्रास दुसऱ्याला नको. जप चालू असताना म्हाताऱ्या आईने हाक मारली तर माळ ठेवून उठावं. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा चालू होती म्हणून देवाकडे वीट फेकली आणि देव त्या विटेवर उभा राहिला, हीच पंढरीची मूळ कथा. तिथली पूजा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मुलांवर जबरदस्ती नको. ती शेजारी येऊन बसली तर एक फूल त्यांच्या हातात द्या, उठून गेली तर जाऊ द्या.

पाचवी पायरी: पंधरवड्याचं आणि वाचनाचं

रोजचा नेम लहान ठेवला, तर अधूनमधून थोडं मोठं काही हवं. एकादशी त्यासाठीच पंधरा दिवसांनी येते. त्या दिवशी पोट हलकं, बोलणं कमी, आणि एखादं भजन किंवा कीर्तन. आजारी, गरोदर, औषधं चालू असलेल्यांनी उपवास करू नये. त्यांनी त्या दिवशी निंदा करायची नाही एवढं पाळलं तरी ते मोठं व्रत आहे.

वाचन रोज एका श्लोकाचं किंवा एका ओवीचं पुरे. गीतेत 700 श्लोक आहेत. रोज एक अर्थासह वाचला तर दोन वर्षांच्या आत पूर्ण होते, आणि घाईने महिन्यात तीन पारायणं केल्यापेक्षा अंगात जास्त मुरते. सकाळी वाचलेला श्लोक दुपारी जेवताना आठवून पाहा. आठवला नाही तर उद्या तोच पुन्हा.

संगत मात्र हवी. आठवड्यातून एकदा तरी अशा माणसाजवळ बसावं, ज्याच्याकडून उठताना आपलं मन शांत झालेलं असतं. ती व्यक्ती प्रसिद्ध असायची गरज नाही.

रात्रीचं

झोपण्यापूर्वी पाठ टेकल्यावर दिवसातल्या तीन गोष्टी आठवा: एक चांगली झालेली, एक चुकलेली, एक अर्धवट राहिलेली. तिन्ही देवाला सांगा, आपल्या रोजच्या भाषेत. मग “कायेन वाचा” हा श्लोक येत असेल तर म्हणा: देहाने, वाणीने, मनाने, इंद्रियांनी, बुद्धीने जे जे करतो ते सगळं नारायणाला. भागवतातला हा श्लोक आरतीनंतर आपण घाईत म्हणतो. अंधारात एकट्याने म्हटला की त्यातला प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो.

खंड पडला, कोरडं वाटू लागलं

दोन्ही होणार. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी राहिलेल्या माळा भरून काढू नका. एकच माळ, नेहमीची. थकबाकी फेडायला बसलं की नेमाचं कर्ज होतं.

कोरडेपणा जास्त कठीण. सुरुवातीचा गोडवा ओसरतो, नाम म्हणजे नुसते ध्वनी वाटतात, आणि “माझी भक्ती खोटी होती का” असं वाटू लागतं. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घकाळ, अखंड आणि आदराने. गोडवा त्या यादीत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत माळ तेवढीच ठेवा, आदर तेवढा वाढवा. आसन झटकून नीट घाला, दिव्याची वात नवी करा, माळ डोळ्यांना लावून मग सुरू करा. कोरडेपणा आठवडे राहिला, झोप-भूक उडाली, कशातच रस वाटेनासा झाला, तर तो मनाचा आजारही असू शकतो. डॉक्टरांकडे जा आणि जपही चालू ठेवा.

यातलं काहीच झेपत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी गीतेच्या बाराव्या अध्यायात उतरती शिडी आहे. मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यासाने प्रयत्न कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कामं कर. तेही जमत नसेल तर कामाच्या फळाची आस सोड. दर पायरीला “जमत नसेल तर” म्हणणारा देव आपल्याला मिळाला आहे. मी हे श्लोक पहिल्यांदा समजून वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटता आलं नाही.

नेम वाढवायचा कधी

सलग तीन महिने एक माळ टिकली, त्या तीन महिन्यांत निदान एक खरोखर वाईट दिवस येऊन गेला आणि त्या दिवशीही माळ झाली, मगच दुसरी जोडा. वाईट दिवस आलाच नसेल तर अजून थांबा. आणि जोडलेली दुसरी माळ पुढे कधी जड झाली, तर ती बिनदिक्कत सोडून द्या आणि पहिलीवर परत या. माझ्या तिसऱ्या नेमाला आता नऊ वर्षं झाली. अधेमधे तीन माळांपर्यंत गेले होते, सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात पुन्हा एकीवर आले. ती एक त्यांच्या उशाशी बसून, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे.